नमुन्यावरची चिठ्ठी

जीवशास्त्राच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ज्याला 'प्रात्यक्षिक' म्हणतात त्या शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्याचे प्रत्यक्षाशी नाते आहे ते प्रात्यक्षिक. व्याख्यानात जे ऐकले आणि पुस्तकात जे वाचले ते येथे डोळ्यांनी पाहावयाचे, आणि जे पाहिले तेच कागदावर उतरवावयाचे, असा या शब्दाच्या पोटात एक करार आहे. वर्षभराच्या प्रात्यक्षिकांची जी वही होते तिला विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही 'जर्नल' म्हणतात. तिच्या पहिल्या पानावर प्रमाणपत्र छापलेले असते. अमुक विद्यार्थ्याने अमुक वर्षी ठरवून दिलेले प्रयोग समाधानकारक रीतीने पूर्ण केले आहेत, असे त्यावर लिहिलेले असते आणि खाली विभागप्रमुखांची सही असते. म्हणजे जर्नल हा केवळ चित्रांचा संग्रह नव्हे, तो साक्षीचा दस्तऐवज आहे.

व्यवहारात काय घडते, हे विज्ञानशाखेतून गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. कांद्याच्या सालीतील पेशी विटांच्या बांधकामासारख्या दिसाव्यात अशी अपेक्षा असते. दिसतात त्या हवेच्या बुडबुड्यांच्या काळ्या कडा, भिंगावरची धूळ आणि स्वतःच्याच पापण्यांची हलती सावली. मागे आणखी पाचसहा जण खोळंबलेले असतात. काचपट्टीवरचा रंग कधीचा विटलेला असतो. शेजारी पुस्तक उघडे असते आणि त्यात पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, पेशीकेंद्रक सारे नीटनेटके, नावांसकट छापलेले असते. मग डोळा सूक्ष्मदर्शकाला आणि हात पुस्तकाला, अशी कामाची वाटणी होते. पुढे पुढे डोळ्याचे सोंगही उरत नाही. मागील वर्षीच्या कोणाची तरी 'सर्टिफाइड' वही मिळवून सबमिशनच्या आदल्या रात्री ती उतरवून काढली जाते. अध्यापकांना हे ठाऊक असते, आणि त्यांना ठाऊक आहे हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. टोकदार पेन्सिलीने काढलेली, उजव्या बाजूला एका रेषेत नावे दिलेली आकृती गुण मिळविते. ज्याने प्रामाणिकपणे बुडबुडा काढला, त्याच्या पानावर तांबडी रेघ उमटते.

याला लबाडी म्हणावे काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उतरवलेली आकृती खोटी नसते. कांद्याच्या सालीतील पेशी खरोखरच तशा असतात. किंबहुना विद्यार्थ्याने स्वतः पाहून काढलेल्या ओबडधोबड चित्रापेक्षा ती निसर्गाच्या अधिक जवळ असते. तिच्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही, कारण वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते. विज्ञानाच्या साठ्यात तिच्यामुळे एकाही असत्याची भर पडत नाही. मग बिघडले कुठे? असत्य केवळ एकाच ठिकाणी असते. आकृतीच्या खाली न लिहिलेल्या पण गृहीत धरलेल्या त्या एका वाक्यात: 'हे मी पाहिले'.

विधान खरे असूनही साक्ष खोटी असू शकते, हा भेद सामान्य नीतिविचारात फारसा केला जात नाही. खरे बोलणे म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणारे बोलणे, अशी ढोबळ समजूत असते. भारतीय प्रमाणविचार मात्र येथे अधिक सूक्ष्म आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्दालाही स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले. पण कोणाचाही शब्द प्रमाण मानला नाही, आप्ताचा मानला. आप्त म्हणजे कोण, याचे वात्स्यायनाच्या भाष्यात जे विवरण आहे त्याला दोन अंगे आहेत. त्या वस्तूचा ज्याला साक्षात्कार झाला आहे, आणि ती जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, अशी पुस्तीही भाष्यकार जोडतो. म्हणजे आप्तत्व कुळावर, पदावर किंवा विद्वत्तेवर ठरत नाही. नदी कोठे उथळ आहे हे सांगणारा नावाडी नदीपुरता आप्त असतो. उलट, एखाद्याचे वाक्य योगायोगाने खरे निघाले तरी त्याने ती वस्तू जाणली नसेल तर तो आप्त ठरत नाही.

या कसोटीचे मोल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ध्यानात येत नाही, कारण तेथे जे पाहावयाचे ते सर्व आधीच पाहिले गेलेले असते. ज्या ठिकाणी अजून कोणीच पोहोचलेले नाही तेथे ते ध्यानात येते. याचे एक उदाहरण चंडीगडमध्ये घडले आणि जगभरच्या पुराजीवशास्त्राला ते विसरता आलेले नाही.

चंडीगड हे नगर आराखड्यातून उभे राहिले, आणि तेथील विद्यापीठ विस्थापनातून. १८८२ मध्ये लाहोरला स्थापन झालेल्या पंजाब विद्यापीठाच्या इमारती फाळणीनंतर सीमेपलीकडे राहिल्या. भारतातील विद्यापीठाचे विभाग काही वर्षे सोलन, होशियारपूर अशा ठिकाणी विखुरलेले राहिले आणि पुढे सेक्टर १४ मध्ये एकत्र आले. शहराच्या पाठीशी शिवालिकच्या टेकड्या आहेत. या टेकड्यांत १८३० च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली यांनी लुप्त सस्तन प्राण्यांचे प्रचंड भांडार शोधले. जिराफाच्या कुळातील एका धिप्पाड प्राण्याचे 'शिवथेरियम' हे नाव तेव्हापासूनचे आहे. स्वतः शैवालांचा अभ्यासक असलेला महिंदरसिंग रंधावा यांच्यासारखा प्रशासक या शहराच्या घडणीत होता. जीवोत्क्रांतीला वाहिलेले एक संग्रहालयही १९७३ पासून सेक्टर १० मध्ये आहे. जीवाश्मांच्या अभ्यासाला इतकी अनुकूल जागा देशात थोडीच असेल. खऱ्या जीवाश्मांसाठी तेथील अभ्यासकाला फार दूर जावे लागत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील हकिगत अधिकच खटकते.

विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी १९६० च्या दशकापासून सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर लेखन केले. त्यांच्या निबंधांची संख्या तीनशेहून अधिक झाली आणि सहलेखकांची शंभराहून अधिक. त्यांत युरोप-अमेरिकेतील नामांकित पुराजीवशास्त्रज्ञ होते. काश्मीरपासून नेपाळ-भूतानपर्यंतच्या खडकांत कोणत्या युगात कोणते प्राणी होते, याचे जे चित्र जगापुढे होते त्यात या निबंधांचा वाटा मोठा होता. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांना त्यातील काही नोंदी विचित्र वाटू लागल्या. १९८७ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे डेव्होनियन कालखंडावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात त्यांनी आपले आक्षेप उघडपणे मांडले. १९८८ मध्ये त्यांनी इतर तिघांबरोबर एक सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. हे काम केवळ परकीयांचे होते असे मानू नये, कारण त्या चौघांत गोयल आणि जैन हे रुरकीचे दोन भारतीय भूवैज्ञानिक होते. २० एप्रिल १९८९ च्या 'नेचर' साप्ताहिकात टॅलेंट यांचा लेख आला आणि प्रकरण जगापुढे आले. भटक्या जीवाश्मांचे प्रकरण, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते.

आरोपाचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. हिमालयातील म्हणून दाखविलेले काही अमोनॉइड मोरोक्कोतील एर्फूद या गावच्या जीवाश्मांशी तंतोतंत जुळत होते. एर्फूद जीवाश्मांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील नमुने पर्यटक विकत घेतात आणि ते जगभरच्या दुकानांत पोहोचतात. तसेच हिमालयातील एकमेकांपासून फार दूरच्या ठिकाणांहून मिळाले म्हणून सांगितलेले कोनोडाँट हे न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल क्रीक या एकाच ओढ्यातील, अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाच्या साठ्यासारखे होते. गुप्ता यांनी आरोप फेटाळले आणि ही आपल्याविरुद्धची मोहीम असल्याचे म्हटले. बंगळूरच्या भारतीय भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात वाद चालला. भारतीय भूवैज्ञानिकांनी सांगितलेल्या काही ठिकाणी पुन्हा जाऊन शोध घेतला. वर्णन केलेले जीवाश्म तेथे त्यांना मिळाले नाहीत. १९९० च्या दशकात निवृत्त न्यायाधीशाकरवी झालेल्या चौकशीत ठपका कायम झाला. विद्यापीठाने मात्र त्यांना सेवेतून दूर केले नाही.

येथे जर्नलमधील आकृतीची आठवण होणे अपरिहार्य आहे. कारण या जीवाश्मांतही कोणता प्राणी खोटा नव्हता. १९१२ मध्ये पुढे आलेल्या आणि १९५३ मध्ये उघडकीस आलेल्या पिल्टडाउनच्या प्रकरणात माणसाच्या कवटीला वानराचा जबडा जोडला होता, दात कानशीने घासले होते, हाडे रंगविली होती. तेथे वस्तूच बनावट होती. चंडीगडच्या प्रकरणात अमोनॉइड अस्सल होते, त्यांचे वय अस्सल होते, परदेशी तज्ज्ञांनी केलेली त्यांची ओळख व वर्णनही बहुधा अचूक होते. खोटे होते ते एकच: सोबतच्या चिठ्ठीवरचे ठिकाण. नमुना कोणी, कोठे, केव्हा गोळा केला हे सांगणारी ती दोन ओळींची चिठ्ठी.

जीवशास्त्राच्या संग्रहालयात जाणारा सामान्य प्रेक्षक बाटलीतील साप पाहतो, चिठ्ठी पाहत नाही. अभ्यासकाचे उलट असते. चिठ्ठी हरवलेला नमुना त्याच्या दृष्टीने शोभेची वस्तू होऊन बसतो. कोनोडाँटचेच पाहा. दातांसारखे दिसणारे हे सूक्ष्म अवशेष १८५६ मध्ये प्रथम वर्णिले गेले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते कोणत्या प्राण्याचे हे कोणालाच कळले नव्हते. १९८३ मध्ये तो प्राणी सापडल्याचे जाहीर झाले, ते एडिंबरोच्या एका संग्रहात दशकानुदशके पडून राहिलेल्या दगडाच्या तुकड्यावरून. ज्याने तो तुकडा गोळा केला त्याला त्याचे मोल कळले नव्हते. पण तो ग्रँटनच्या किनाऱ्यावरचा आहे, ही नोंद त्याच्याबरोबर राहिली होती, म्हणून पुढच्या पिढीला तेथे जाऊन आणखी नमुने शोधता आले. न समजलेली वस्तू आणि खरी चिठ्ठी यांनी विज्ञान पुढे नेले. नीट समजलेली वस्तू आणि खोटी चिठ्ठी यांनी हिमालयाचा एक भाग अज्ञानात ढकलला, आणि ते अज्ञान साध्या अज्ञानापेक्षा वाईट होते, कारण ते ज्ञानाच्या वेषात होते.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. तीनशे निबंधांतील सर्वच नोंदी खोट्या होत्या असे कोणी म्हणत नाही. काही खऱ्या असतील, कदाचित बऱ्याच. पण त्या कोणत्या, हे सांगण्याचा मार्ग त्या निबंधांत नाही; ठिकाणांची वर्णने पुष्कळदा मोघम होती. असत्याने आपल्या शेजारचे सत्यही निकामी केले. ज्यांनी त्या नोंदींच्या आधारे आपले अनुमान बांधले त्यांचे श्रम वाया गेले, आणि त्याच विभागात प्रामाणिकपणे डोंगर तुडवून नमुने आणणाऱ्या तरुण संशोधकांना आपल्या चिठ्ठ्यांवर जग विश्वास ठेवील का, ही चिंता विनाकारण वाहावी लागली. या शेवटच्या हानीचा हिशोब कोणत्याही चौकशी अहवालात मांडता येत नाही.

हे पंचवीस वर्षे चालले कसे? याचे एक उत्तर भूगोलात आहे. हिमालयातील अनेक खोरी सीमेलगतची. तेथे जाण्यास परवाने लागत, परदेशी माणसाला ते क्वचितच मिळत. दुर्गमतेने साक्षीदाराला एकटे पाडले, आणि एकट्या साक्षीदाराचा शब्द तपासणारे कोणी नसते. दुसरे उत्तर विद्यापीठांच्या हिशोबात आहे, जेथे निबंध मोजले जातात आणि मोजणे हे वाचण्यापेक्षा सोपे असते. तिसरे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते सज्जनांविषयी आहे. सहलेखकांपैकी बहुतेकांनी ती ठिकाणे पाहिली नव्हती. त्यांच्याकडे टपालाने नमुना आला, त्यांनी आपल्या ज्ञानाच्या बळावर तो ओळखला, आणि ज्या निबंधात ठिकाणाचे वर्णन होते त्याच्या माथ्यावर आपलेही नाव घातले जाऊ दिले. त्यांतील काहींनी पुढे जाहीरपणे लिहिले की, आमचा विश्वासघात झाला. ते खरेच होते. पण ज्याने न पाहिलेल्या ठिकाणाविषयीच्या विधानाखाली सही केली, त्याने जर्नल उतरवणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळे असे काय केले, हा प्रश्न पुसून टाकता येत नाही. त्याचे ज्ञान मोठे, हेतू शुद्ध, पण 'हे मी पाहिले' या वाक्याची उसनवारी तीच.

यावर कोणी म्हणेल, मग कोणावर विश्वास ठेवूच नये काय? प्रत्येक अभ्यासकाने प्रत्येक खोरे स्वतः चढून जावे? हा मार्ग नाही, हे उघड आहे. जीवशास्त्राच्या पदवीधराला जे ठाऊक असते त्याचा हजारावा भागही त्याने स्वतः पाहिलेला नसतो. हृदयाचे चार कप्पे, पेशीविभाजनाच्या अवस्था, मानवी पेशीतील ४६ गुणसूत्रे, हे सारे शब्दप्रमाणावर उभे आहे. आणि शब्दप्रमाण अधूनमधून चुकतेही. १९२० च्या दशकापासून १९५६ पर्यंत ही गुणसूत्रे ४८ मानली जात. चांगल्या चांगल्या निरीक्षकांनी ४८ मोजली, कारण ४८ असणार हे त्यांना माहीत होते. जे माहीत आहे ते दिसणे, हा डोळ्याचा जुना रोग आहे. मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे अपेक्षित गुणोत्तराशी फारच चांगले जुळतात, हे फिशरने १९३६ मध्ये दाखविले, आणि काय अपेक्षित आहे हे चांगले जाणणाऱ्या एखाद्या साहाय्यकाचा त्यात हात असावा, अशी शंका व्यक्त केली. त्या शंकेचा निवाडा अजूनही सर्वमान्य झालेला नाही. पण तो कल्पित साहाय्यक आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेत ओळखीचा वाटावा असा आहे.

तेव्हा भेद विश्वास आणि संशय यांत नाही. चूक कशी दुरुस्त होऊ शकते, यात तो आहे. चंडीगडपासून फार दूर नसलेल्या, हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर या गावच्या परिसरात १९३२ मध्ये एडवर्ड लुईस याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याला 'रामपिथेकस' हे नाव मिळाले. १९६० च्या दशकात सायमन्स आणि पिल्बीम यांनी तो मानवाचा अतिप्राचीन पूर्वज ठरविला, आणि भारतातील महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत तो मानवाच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी जाऊन बसला. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ते पाठ केले. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर अधिक पूर्ण अवशेष मिळाले, आणि १९८० च्या सुमारास स्पष्ट झाले की रामपिथेकस हा वेगळा प्राणी नव्हेच. तो ओरांगउटानच्या जवळच्या शिवपिथेकसमध्ये मोडतो. ज्यांनी त्याला सिंहासनावर बसविले होते त्या पिल्बीम यांनीच तो खाली उतरविण्यात पुढाकार घेतला. केवढी मोठी चूक! पण ती निरुपद्रवी ठरली, कारण जबडा जेथे सापडला म्हणून सांगितले तेथेच तो सापडला होता. निष्कर्ष मोडला, साक्ष अभंग राहिली. आणि साक्ष अभंग होती म्हणूनच निष्कर्ष मोडता आला.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना सह्याद्रीत हिंडत. सातारा भागातील नद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांना एक चिमुकली छत्रीसारखी जेलीफिश आढळली. या प्रजातीचे सगेसोयरे तोवर केवळ आफ्रिकेत माहीत होते. आफ्रिकेतील प्राणी साताऱ्याच्या ओढ्यात! विधान म्हणून पाहिले तर ते मोरोक्कोचे अमोनॉइड हिमालयात असल्याच्या विधानापेक्षा कमी आश्चर्यकारक नव्हते. सांगणारा एक तरुण अध्यापक, देश पारतंत्र्यातला. पण त्यांनी ठिकाण सांगितले, आणि ज्याला जायचे त्याने जावे अशा रीतीने सांगितले. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील ॲनंडेल यांनी त्या प्राण्याचे 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नामकरण केले. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून त्याच्या सवयींवर व आढळस्थानांवर १९१२ मध्ये टिपण लिहिले. आप्ताचा शब्द असा असतो. तो ऐकणाऱ्याला आपल्यावर विसंबून राहण्याची सक्ती करीत नाही, उलट आपल्याशिवाय पाहण्याची वाट दाखवून ठेवतो.

हेकेलच्या भ्रूणचित्रांची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे आणि म्हणून जास्त अस्वस्थ करणारी. मासा, कासव, कोंबडी, डुक्कर, माणूस यांचे भ्रूण प्रारंभी सारखेच दिसतात असे दाखविणारी त्याची १८७४ मधील रांगेतली चित्रे प्राणिशास्त्राच्या कोणत्या विद्यार्थ्याने काढली नसतील? त्यांतील साम्य वाढवून दाखविले आहे, असा आक्षेप विल्हेल्म हिस याने त्याच काळात घेतला होता. तरी चित्रे पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिली. १९९७ मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष भ्रूणांची छायाचित्रे शेजारी ठेवली तेव्हा शतकाहून जुन्या त्या आक्षेपाकडे पुन्हा सर्वांचे लक्ष गेले. उत्क्रांतीचा सिद्धांत यामुळे तसूभरही ढळत नाही. भ्रूणांत साम्य असतेच, चित्राइतके नसते इतकेच. म्हणजे येथेही मोठे विधान खरे आणि साक्ष मात्र सुधारून घेतलेली. पण शंभर वर्षे असंख्य जर्नलांत ही चित्रे उतरवली गेली, आणि त्या मुलांपैकी ज्यांच्यासमोर खरा भ्रूण बाटलीत ठेवलेला होता त्यांनीही बाटलीकडे पाहून चित्र काढले नाही, चित्राकडे पाहून चित्र काढले.

अलीकडे प्रात्यक्षिकाचे रूपही बदलले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ती अधिक कडक केली. त्यामागील विचार जुनाच होता. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातच म्हटले आहे. पदवीसाठी इतके बेडूक मारण्याचे समर्थन करणे कठीण होते आणि ते थांबले हे उचितच झाले. मात्र मेणाच्या ट्रेमधील बेडकाचे एक वैशिष्ट्य होते: तो पुस्तकातल्यासारखा नसे. त्याची शीर पुस्तकात दाखविल्यापेक्षा डावीकडे असे, यकृत भलतेच मोठे असे, मादी निघाली तर अंड्यांच्या राशीखाली बाकीचे सारे झाकून जाई. पडद्यावरचा बेडूक नेहमी पुस्तकाशी जुळतो. तेथे चुकीचे काही दिसण्याची सोयच नाही, म्हणून जे दिसले तेच सांगण्याचा प्रसंगही येत नाही. ही अडचण बेडकांना परत ट्रेवर आणून सुटणार नाही. ती सुटायची तर तळ्यातील पाण्याचा थेंब, भिंतीवरचे शेवाळ, महाविद्यालयाच्या आवारातले गवत, असे न मारता पाहता येण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातले काहीही पुस्तकाशी पूर्णपणे जुळत नाही.

आणि तरीही जर्नल उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला गुप्ता यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. एकाने इतरांना तपासता न येणाऱ्या जागेची साक्ष दिली, दुसऱ्याने सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीची. एकाला त्यातून कीर्ती मिळाली, दुसऱ्याला दहापैकी सात गुण. एकाच्या शब्दावर इतरांनी इमारती बांधल्या, दुसऱ्याची वही परीक्षेनंतर रद्दीत गेली. दोषाचे वजन परिणामांवरून करावयाचे तर या दोहोंत तुलनाच नाही. पण सवयीच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न वेगळा होतो. 'हे मी पाहिले' हे वाक्य न पाहता लिहिण्याचा पहिला सराव कोठे होतो? तो करवून घेणारी व्यवस्था कोणती? साठ विद्यार्थ्यांमागे आठ सूक्ष्मदर्शक देऊन, वेळ दीड तास ठेवून, सुबक आकृतीलाच गुण देणारी संस्था विद्यार्थ्याकडून सत्य मागत नसते, सत्यासारखे दिसणारे पान मागत असते. त्या पानावर प्रमाणपत्र छापून ती स्वतःही एका न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करते. विद्यार्थी हा या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा आहे आणि बोट मात्र सहसा त्याच्याकडेच जाते.

काही अध्यापक वेगळे वागतात. काचपट्टीवर जे दिसले नाही त्याची आकृती न काढता 'पेशीकेंद्रक दिसले नाही. रंग फिका होता' असे लिहिण्याची ते मुभा देतात, आणि अशा पानावर तांबडी रेघ ओढत नाहीत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला हे पान कसे तपासावे ते कळत नाही. गुणपत्रकात आकृतीला दोन गुण असतात, नावांना दोन, स्वच्छतेला एक. न दिसलेल्या गोष्टीच्या खऱ्या नोंदीला त्यात रकाना नसतो, आणि तो घालावयाचा तर किती गुणांचा, यावर अभ्यासमंडळाच्या बैठकीत एकमत होणे सोपे नाही.